गुरवाचे लक्ष निवदावर

‘गुरवाचे लक्ष निवदावर’ ही म्हण महाराष्ट्र सोडून पिढ्या लोटलेल्या आपल्या घरांतूनही अजून ऐकू येते. आरती चालू असता एखाद्या मुलाची नजर ताटाकडे वळली, की वडीलधारी मंडळी ती हसत हसत उच्चारतात. म्हण टिकली, परंतु ती ज्याच्यावरून पडली तो गुरव मात्र आपल्या दृष्टीआड झाला. इंदूरच्या तुकोगंजात वाढलेल्या मुलाला ‘गुरव म्हणजे कोण?’ असे विचारले, तर ‘पुजारी’ एवढेच उत्तर मिळेल. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्याला मठ नाही, पीठ नाही, आचार्य नाही, दीक्षेचा थाट नाही आणि तरीही ज्याने शेकडो वर्षे हजारो खेड्यांतील देवळांत सांजवात लावली, अशा या सेवकवर्गाची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

प्रथम त्या म्हणीचाच विचार करू. गुरवाचे लक्ष नैवेद्यावर असे, यात नवल ते काय? तो नैवेद्य म्हणजे त्याच्या वेतनाचाच एक भाग होता. शिक्षकाला महिन्याच्या एक तारखेची आठवण असते, म्हणून त्याच्या विद्यादानाला कोणी हसत नाही. गुरवाची एक तारीख रोज दुपारी येत असे, आणि ती देवासमोरच्या पानात येत असे. शिवाय ती त्याच्या इच्छेवर नव्हे, तर दुसऱ्याच्या श्रद्धेवर व सवडीवर अवलंबून असे. म्हण करणाऱ्याने त्याची नजर टिपली. त्या नजरेमागची चूल टिपली नाही.

गावगाड्यातील स्थान

जुन्या मराठी खेड्याची रचना ज्यांना समजून घ्यावयाची असेल, त्यांनी त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा १९१५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ अवश्य पाहावा. गावाची कामे करणारे जे बारा बलुतेदार, त्यांच्या याद्या प्रांतोप्रांती थोड्याफार बदलतात. परंतु गुरवाचे नाव त्यांत बहुधा असतेच. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या खळ्यावर धान्याची रास पडली, म्हणजे प्रत्येक बलुतेदार आपला वाटा नेई. हा वाटा सर्वांना सारखा नसे. थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ‘कासा’ मानलेल्या असत. नांगर करणारा सुतार आणि फाळ घडवणारा लोहार थोरल्या कासेत. आणि अनेक गावांतून गुरवाची गणना धाकट्या कासेत होई. त्याच्याच सोबतीला त्या कासेत जोशी असे आणि मुलाणीही असे. देवळाचा सेवक, पंचांग सांगणारा ब्राह्मण आणि मुसलमानांचा धर्मसेवक हे तिघे एका पंक्तीला! शेतकऱ्याचा हिशेब सरळ होता. आधी नांगर, मग देव. त्यात देवाचा अनादर नव्हता. नांगर चालला तरच देवाला नैवेद्य मिळणार, हे तो जाणून होता.

या धाकट्या वाट्याच्या मोबदल्यात गुरवाने करावयाची कामे मात्र थोडी नव्हती. पहाटे देऊळ झाडून घ्यावे, पाणी भरावे, देवाला स्नान घालावे, फुले व बेल आणावा, पूजा करावी, सायंकाळी दिवा लावावा. श्रावणात घरोघर बेल पोचवावा. गावात लग्नकार्य निघाले, की पत्रावळी लावून द्याव्या. देवाच्या पालखीपुढे वाद्य वाजवावे. वाटसरू देवळात उतरला तर त्याची विचारपूस करावी. यांतील पूजा सोडली, तर बाकीच्या कामांना आपण आज ‘धर्मकार्य’ म्हणणारही नाही. झाडू, घागर, पाने आणि समई ही गुरवाची खरी साधने. या कामांत घरातील स्त्रियांचा हातभार मोठा असे. सडासंमार्जन, हार गुंफणे, पत्रावळी लावणे ही कामे पुष्कळ ठिकाणी त्यांच्याच हातची; नाव मात्र घरातील पुरुषाचे.

सीमाभागात गुरवांपैकी काही घराण्यांना ‘हूगार’ म्हणतात. कानडीत ‘हू’ म्हणजे फूल. देवाला फूल वाहणारा, हीच त्यांची ओळख. गुरव हा शब्द ‘गुरू’वरून आला असे सामान्यतः सांगतात. काही अभ्यासक त्याचा संबंध कानडी ‘गोरव’ या शब्दाशी जोडतात. कर्नाटकातील मैलाराचे, म्हणजे आपल्या खंडोबाचेच जे रूप त्याचे, गोरव नावाचे भक्त डमरू वाजवीत हिंडतात. हे नाते मान्य केले, तर गुरवाचे मूळ ग्रंथांच्या धर्माहून रानावनांतल्या शिवभक्तीशी अधिक जवळचे ठरते.

शास्त्राची नजर

येथे वाचक विचारतील, की देवाच्या इतक्या निकट असणाऱ्या माणसाला मान कमी का? याचे उत्तर धर्मशास्त्रात सापडते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणास बोलावू नये याची यादी आहे. तीत ‘देवलक’ म्हणजे द्रव्य घेऊन देवाची पूजा करणारा याचा समावेश केलेला आहे. वेद पढणे, यज्ञ करणे हे श्रेष्ठ. मूर्तीची पगारी सेवा कनिष्ठ, अशी ती दृष्टी. शिवाय शंकराला वाहिलेले निर्माल्य व नैवेद्य इतरांनी घेऊ नये, असाही संकेत रूढ होता. मग तो घ्यावा कोणी? ते काम गुरवाकडे आले. ज्याला इतर जण हात लावीत नव्हते तेच त्याचे अन्न झाले, आणि पुढे त्याच अन्नाकडे त्याचे लक्ष असते म्हणून त्याला हसण्यात आले.

या कमीपणाचा एक परिणाम मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रतिष्ठा नसल्यामुळे या सेवेवर कोणी मोठा अधिकारी बसला नाही. साऱ्या गुरवांचा मिळून एक धर्मगुरू कधी झाला नाही. अमक्या पीठाकडून नेमणूक आणावी, तमक्या मठाला कर भरावा, असा प्रकार नव्हता. बापाच्या मागे उभे राहून मुलगा पूजा शिकत असे; तेच त्याचे विद्यालय. त्याच्यावर देखरेख करणारे होते ते गाव. दिवा लागला नाही, तर दुसऱ्या दिवशी पारावर बोलणे होई आणि सुगीला खळ्यावर त्याचा परिणाम दिसे. सत्ता वरून येत नव्हती. जाब समोरून विचारला जात होता.

अशी व्यवस्था केवळ आपल्याकडेच होती असे नाही. जपानमधील काही खेड्यांतून गावातील घरांनी पाळीपाळीने एकेक वर्ष ग्रामदेवतेची सेवा करावी, अशी जुनी चाल आहे. त्या वर्षापुरता शेतकरीच पुजारी होतो, आणि वर्ष संपले की सेवेचा भार शेजाऱ्याच्या घरी जातो. आपल्याकडे ही पाळी साऱ्या गावात न फिरता गुरवाच्या भाऊबंदांत फिरली, एवढा फरक.

गाऱ्हाणे आणि कौल

कोकणात या सेवेला आणखी एक अंग आहे. तेथे शिमग्याला, जत्रेला किंवा एखाद्या घरावर संकट आले असता देवापुढे ‘गाऱ्हाणे’ घालतात. हे गाऱ्हाणे कोठे गुरव घालतो, कोठे घाडी, तर कोठे गावचा मानकरी. त्याची भाषा संस्कृत नसते. ती गावची बोली असते. देवाला उद्देशून साध्या शब्दांत सांगावयाचे, की ही तुझी लेकरे जमली आहेत, अमक्याच्या घरी अमुक अडचण आहे, चुकले असेल ते पोटात घाल, गुरेढोरे राख, परगावी गेलेल्यांना सांभाळ. प्रत्येक मागण्यामागे जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. परगावी गेलेल्यांचा उल्लेख त्या मागण्यांत येतो, ही गोष्ट आपल्यासारख्या परप्रांतवासी मराठी माणसांनी विसरू नये. आपण ज्यांना विसरलो, ते आपले नाव देवापुढे घेत असतात.

गाऱ्हाण्याप्रमाणेच ‘कौल’. मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे लावून, प्रश्न विचारून, कोणत्या बाजूचे आधी गळते यावरून देवाची संमती ठरवावयाची. विज्ञान शिकलेल्या माणसाला हे पटणार नाही, आणि पटावे असा आमचा आग्रहही नाही. रोग्याला औषधाऐवजी कौलावर ठेवणे हे तर केव्हाही अयोग्यच. तथापि या रीतीत एक शहाणपण दडलेले आहे. गुरव ‘मला असे वाटते’ म्हणत नाही. तो पाकळी लावतो आणि बाजूला सरतो. निर्णय त्याचा नसतो. तो फक्त निरोप्या असतो. आणि ते सारे दहा माणसांच्या डोळ्यांदेखत होत असल्यामुळे, त्याला आपल्या पदरचे घालण्यास वाव थोडा राहतो.

आपल्या माळवा-निमाडच्या भागातही याच्याशी जुळणारी माणसे आहेत. झाबुआ-अलिराजपूरकडील भिल्ल व भिलाला समाजात ‘बडवा’ हा देवाशी बोलणारा आणि रोग्यांना पाहणारा माणूस असतो. घराच्या भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे चितारले जातात, तेव्हा तो विधी त्याच्याच देखरेखीखाली चालतो. त्यालाही मठ नाही, पीठ नाही. तो एरवी चारचौघांसारखी शेती करतो.

कुलदैवताच्या पायरीशी

आपल्यापैकी अनेकांना वाटेल, की खेड्यातील गुरवाशी आपला काय संबंध? संबंध आपल्या देव्हाऱ्यातच आहे. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घरांतून कुलदैवतांचे चांदीचे टाक पूजेत असतात. त्यांत जेजुरीचा खंडोबा असतो, वाडी रत्नागिरीचा जोतिबा असतो, तुळजापूरची भवानी असते. जेजुरीस पूजेचा मान गुरवांकडे आहे. त्यांच्याबरोबर घडशी, कोळी, वाघ्ये-मुरळी यांची आपापली सेवा ठरलेली आहे. जोतिबाचे पुजारीही गुरवच. तुळजापुरी भवानीची सेवा भोपे करतात, आणि ते मराठा आहेत. म्हणजे आपल्या घराण्यांच्या या दैवतांपाशी जे हात राबतात, ते बहुधा साध्या शेतकरी-बलुतेदारांचे आहेत.

होळकरांचे कुलदैवत खंडोबा. मल्हाररावांचे नावच मल्हारीचे. जेजुरीच्या गडावर होळकरांनी केलेले बांधकाम आजही यात्रेकरूंच्या पायाखाली आहे. अहिल्याबाईंच्या (१७२५–१७९५) दानधर्माबद्दल आपण नेहमी बोलतो. पण देवळे व घाट बांधून त्या थांबल्या नाहीत, ही गोष्ट बोलण्यात कमी येते. खासगीच्या उत्पन्नातून पूजेअर्चेची, अन्नछत्रांची नेमणूक त्यांनी लावून दिली. दगड एकदा बसवला की बसतो. वातीला मात्र रोज तेल लागते, हे त्या जाणत होत्या.

आपले पूर्वज या राज्याच्या आश्रयाने इकडे आले ते शिपाई, कारकून, वैद्य, शिक्षक, शास्त्री म्हणून. ज्यांच्या नावावरून आमचे तुकोगंज वसले त्या तुकोजीरावांच्या घराण्याचे राज्य १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले, तोवर येथे मराठी समाज चांगला रुजला होता. त्याने आपल्याबरोबर देव आणले, कीर्तन आणले, गणेशोत्सव आणला. गुरव मात्र गावाबरोबर मागे राहिला. कारण तो गावाचा होता, कोणा एका घराचा नव्हता. दक्षिण तुकोगंजातील नाथमंदिरासारखी जी श्रद्धास्थाने येथे उभी राहिली, त्यांच्यामागे सद्गुरूंची परंपरा आहे. ती थोरच आहे. पण गुरू उपदेश देतो, आणि गुरव दिवा लावतो. पहिल्याची चरित्रे लिहिली जातात. दुसऱ्याचे नाव गावाबाहेर कोणाला ठाऊक नसते.

याला एक सुंदर अपवाद आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संत सावता माळी यांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, अशी परंपरा सांगते. मळ्यात राबणारा माळी देवाशी बोलला, आणि देवळात राबणाऱ्या गुरवाने ते शब्द जपले. स्वतःकडे मोठेपणा न घेता दुसऱ्याची वाणी राखणे, हे गुरवाच्या वृत्तीला शोभणारेच काम. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली गुरव समाजातील तरुणांसाठी जे आर्थिक विकास महामंडळ जाहीर केले, त्याला याच काशिबांचे नाव दिले आहे.

संगीताच्या क्षेत्रातही या समाजाचे देणे आहे. देवळातील पखवाज गुरवांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजता ठेवला. ज्या पखवाजाने नाना पानसे यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या इंदुरात दरबारी वैभव पाहिले, तोच पखवाज खेड्यातील देवळात भजनाच्या साथीला कोणत्याही बिदागीवाचून घुमत होता.

आजची अडचण

आता ही व्यवस्था मोडत आली आहे, आणि त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. रोख व्यवहार वाढला, तसे खळ्यावरचे बलुते आटले. महाराष्ट्रात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. देवस्थान इनामाच्या जमिनी वेगळ्या वर्गात राहिल्या. त्या विकता येत नाहीत, आणि त्यांवरून तंटे मात्र होत राहतात. पाळीचा प्रश्न आहेच. एका घराण्याची चार घरे झाली, चारांची सोळा झाली, की पूजेची पाळी वर्षातून मोजक्या दिवसांवर येते. तेवढ्या दिवसांच्या उत्पन्नावर कोणाचे पोट भरणार? मग तरुण मुले शहरात नोकरीस जातात, आणि गावात एखादा म्हातारा दिवा लावण्यापुरता उरतो.

आपल्या मध्य प्रदेशातून गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले, की देवळाच्या जमिनीची मालकी देवतेची. पुजारी हा तिचा व्यवस्थापक, मालक नव्हे. महसुली कागदात मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव लागण्याचे कारण नाही. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. देवाच्या नावाची जमीन परस्पर विकली जाण्याचे प्रकार यामुळे रोखता येतात. परंतु जो मालक नाही त्याने खावे काय, हा प्रश्न उरतोच. मोठ्या क्षेत्रांच्या ठिकाणी दानपेट्या भरतात आणि पुजाऱ्यांच्या हक्कांवरून न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालतात. पंढरपुरी बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद २०१४ साली संपला. खेड्यातील मारुतीच्या वा महादेवाच्या देवळात भांडण्याइतके उत्पन्नच नसते. म्हणूनच त्याची बातमी होत नाही.

या परंपरेतील उणिवा आम्ही झाकू इच्छीत नाही. सेवेचा मान जन्मावर ठरावा, हे आजच्या काळात पटणारे नाही. ज्या देवळाला गुरव पिढ्यान्‌पिढ्या झाडत आला, त्याच देवळाची पायरी गावातील कित्येकांना चढता येत नव्हती, आणि ती व्यवस्था गुरवानेही मोडली नाही. तो स्वतः उपेक्षित होता, तरी त्याच्याहून अधिक उपेक्षितांसाठी दार उघडण्याचे बळ त्याच्यापाशी नव्हते. नम्रतेची हीदेखील एक मर्यादा आहे. पण या साऱ्यासह त्याने जे एक केले ते मोलाचे आहे. देवाच्या इतक्या जवळ राहून त्याने देवाच्या नावावर राज्य केले नाही.

आपण काय करावे?

सुट्टीत किंवा लग्नानंतर आपली मंडळी कुलदैवताला जातात. मोटारीतून उतरावे, अभिषेक उरकावा, छायाचित्र घ्यावे आणि अंधार पडण्यापूर्वी निघावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. कोणी सधन असेल तर संगमरवरी फरशीसाठी देणगी देतो आणि नावाची पाटी बसवतो. ती देणगी वाईट नव्हे. पण त्याच गाभाऱ्यात वर्षभर वात लावणाऱ्याचे घर कसे चालते, हे कितीजण विचारतात? सध्या कोणाची पाळी आहे, त्याची मुले काय शिकतात, तेलाचा खर्च कोण करतो, एवढे तीन प्रश्न आपण विचारू शकतो. चार घरांनी मिळून वर्षाच्या तेलवातीची आणि गुरवाच्या मानधनाची नेमणूक लावून दिली, तर तिचा बोजा कोणालाही होणार नाही. विश्वस्तांना पत्र लिहून त्या सेवेची तरतूद हिशेबात वेगळी दाखवावी, अशी विनंती करता येईल. त्याचबरोबर त्या घरातील वृद्धांकडून आपल्या कुळाच्या, गावाच्या, यात्रेच्या आठवणी ऐकून वहीत उतरवून घ्याव्या. पुष्कळ घराण्यांचा असा वृत्तान्त अन्यत्र कोठेही लिहिलेला सापडत नाही.

आणि पुढे कधी आपल्या घरात आरतीच्या वेळी ती जुनी म्हण कोणाच्या तोंडून निघाली, तर मुलांना तिचा दुसरा अर्धाही सांगावा. गुरवाचे लक्ष निवदावर होते, हे खरे. पण त्याआधी पहाटेपासून ते देवळाच्या केरावर होते, घागरीवर होते, बेलाच्या पानांवर होते. आणि निवद पोटात गेल्यावर दिवस मावळताना ते पुन्हा समईच्या वातीकडे वळत होते.